नको असलेले केस : दोरा, वॅक्स, क्रीम की लेझर? पैसे मोजण्याआधी हे वाचा

मालवण : गेल्या चतुर्थीला सगळे घरी जमलो होतो. पण पुतणी काही आरतीला पुढे येईना. तोंडावर ओढणी धरून मागच्या दारी बसलेली. जाऊन विचारलं तर रडायलाच लागली. म्हणाली, "काका, केस काढूक गेलंय आणि डाग घेवन इलंय." ओढणी बाजूला केली तेव्हा हनुवटीवर चार-पाच काळे चट्टे दिसले.

झालं होतं असं. हनुवटीवर राठ केस येत होते. जाहिरात बघून ती एका लेझरच्या दुकानात गेली. सहा सिटिंगचे बारा हजार आधीच भरून घेतले. मशीन चालवणारी बाई डॉक्टर नव्हती. पोरगी मे महिनाभर काजूच्या बागेत उन्हात राबून आलेली, चेहरा रापलेला. आठवड्यापूर्वी दोऱ्याने केसही काढलेले. यातलं तिला कोणी काही विचारलं नाही. पाळी वेळेवर येते का, हे तर नाहीच नाही. दुसऱ्याच सिटिंगला भाजलं.

नंतर तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं आणि तपासण्या झाल्या, तेव्हा कळलं की मूळ दुखणं पीसीओडीचं आहे. म्हणजे पैसे गेले, तोंड भाजलं आणि खरा आजार तसाच राहिला. आपल्याकडे गावोगावच्या मुली आणि बाया या विषयावर बोलत नाहीत. म्हणून डॉक्टरांना विचारून आणि वाचून ही माहिती एकत्र केली आहे. मी डॉक्टर नाही, शेती करतो आणि बातम्या देतो. त्यामुळे हे वाचून औषध घेऊ नका, डॉक्टरला काय विचारायचं ते ठरवा.

आधी बघा, केस का आले?

ओठावर थोडी लव, हातापायावर केस हे बहुतेक बायकांना असतंच. घराण्यातही असतं. आईला, आजीला असेल तर मुलीला येतं. हा आजार नव्हे.

पण हनुवटी, गळा, छाती, पोट या पुरुषांना केस येतात अशा जागी जाड काळे केस येऊ लागले, तर त्याला हर्सुटिझम म्हणतात. त्याचं सगळ्यात मोठं कारण पीसीओडी, म्हणजेच पीसीओएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या १०० पैकी ६ ते १३ बायकांना हा त्रास असतो, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना तो असल्याचं माहीतच नसतं. पाळी पुढे-मागे होणं, वजन वाढणं, मुरमं, डोक्यावरचे केस विरळ होणं, मूल राहायला अडचण ही त्याची इतर लक्षणं. पुढे साखरेचा आजार होण्याचा धोकाही वाढतो.

काही महिन्यांतच भराभर केस वाढले, आवाज घोगरा झाला, पाळी बंद झाली तर अजिबात थांबू नका. क्वचित अंडाशयाच्या किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या गाठीमुळेही असं होतं.

आतलं कारण तसंच ठेवून वरून लेझर मारलं तर केस पुन्हा येत राहतात. पाणी कुठून झिरपतं ते न बघता नुसती भिंत रंगवण्यासारखं आहे ते. डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देतात. त्यांचा केसांवर परिणाम दिसायला निदान सहा महिने लागतात. यातल्या काही गोळ्या गरोदरपणात बाळाला धोक्याच्या असतात. त्यामुळे मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरवल्यानेही फरक पडतो.

घरच्या घरी करायचे उपाय

शेतकऱ्याला तणाच्या भाषेत लवकर समजतं. रेझर म्हणजे विळ्याने तण कापणं, वॅक्स आणि दोरा म्हणजे उपटणं, आणि लेझर म्हणजे मूळच मारण्याचा प्रयत्न.

रेझर : सगळ्यात स्वस्त. "वस्तरा लावला की केस जाड येतात" असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. ते खरं नाही. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधिकेने १९२८ मध्येच मोजून दाखवलं की दाढी केल्याने केसाची जाडी किंवा वाढ बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. ब्लेड मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं.

क्रीम : यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. ते केस विरघळवतं, आणि जास्त वेळ ठेवलं तर कातडीही जाळतं. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका. अंगाचं क्रीम तोंडाला लावू नका.

वॅक्स : तीन ते सहा आठवडे केस दिसत नाहीत. साखर-लिंबाचं घरचं वॅक्सही चालतं, पण कढत लावलं तर भाजतं. मुरमांसाठी गोळ्या किंवा रात्री लावायचं क्रीम चालू असेल तर वॅक्स करू नका, कातडी सोलून येते. साखरेचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावं.

दोरा : भुवया आणि ओठासाठी ठीक. दोरा तोंडात धरणारी बाई असेल तर नको म्हणा. चामखीळ आणि पुळ्या अशा पसरतात.

काजूच्या हंगामात बियांचं तेल उडून कातडी जळलेली असते. ती पूर्ण बरी होईपर्यंत त्या जागी यातलं काहीच करू नका.

लेझर म्हणजे नेमकं काय?

लेझर म्हणजे एकाच रंगाचा जोरदार उजेड. केसात मेलॅनिन नावाचं काळं द्रव्य असतं. ते उजेड शोषून घेतं, तापतं आणि ती उष्णता मुळापर्यंत जाऊन मूळ जाळते. बाजूची कातडी वाचवून नेमकी जागा तापवायची हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडलं.

यातूनच तीन गोष्टी कळतात.

पहिली : केस काळा हवा. पांढऱ्या केसांवर आणि बारीक लवेवर लेझर चालत नाही. तसं कोणी सांगून पैसे घेत असेल तर ती फसवणूक आहे.

दुसरी : मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतही असतं. म्हणून चुकीचं मशीन किंवा चुकीचं सेटिंग असेल तर केसाऐवजी कातडी भाजते. सावळ्या रंगाला डायोड किंवा लाँग पल्स एनडी-याग ही लेझर जास्त सुरक्षित मानतात. आपल्या किनाऱ्यावर, मासे विकायला बसणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या बाईची कातडी उन्हाने आणखी रापलेली असते. रापलेल्या कातडीवर लेझर मारायचं नसतं. काही आठवडे ऊन टाळून, रंग उतरल्यावरच जायचं.

तिसरी : एका वेळेत काम होत नाही. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात, काही झोपलेले असतात. एका बेणणीत भाताचं सगळं तण जात नाही, मागाहून उगवतंच, तसंच हे. म्हणून साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात. चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने आणि अंगासाठी त्याहून थोड्या जास्त अंतराने.

"कायमचे केस बंद" ही जाहिरात खरी नव्हे. केस कमी होतात, बारीक होतात, आणि वर्षातून एखादं सिटिंग पुन्हा घ्यावं लागतं. पीसीओडी असेल तर जास्तच. काही जणींना, विशेषतः गालावर आणि मानेवर, लेझरनंतर उलट केस वाढतात. हे क्वचित होतं, पण डॉक्टरने आधी सांगायला हवं.

घरी वापरायची जी मशीन ऑनलाइन मिळतात, त्यातली बरीच आयपीएल असतात. ते लेझर नव्हे. त्यांच्या डब्यावर कातडीच्या रंगांचा तक्ता असतो. आपला रंग त्यात बसत नसेल तर ते मशीन आपल्यासाठी नाही.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. मशीन कोण चालवणार? त्वचारोगतज्ज्ञ जागेवर आहे का? डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात अपमान नाही.
२. मशीन कुठलं? डायोड, एनडी-याग की आयपीएल?
३. आधी छोट्या जागेवर करून बघणार का?
४. सगळे पैसे एकदम का? दर सिटिंगला पैसे द्यायची सोय बघा आणि पावती घ्या.
५. डोळ्यांवर चष्मा देणार का? भुवयांच्या खाली, डोळ्याजवळ लेझर मारू देऊ नका.

तुम्हीही सांगायचं असतं : गरोदर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, ओठाला जर उठते का, जखमेचे वण फुगतात का. लेझरच्या आधी चार ते सहा आठवडे वॅक्स, दोरा, चिमटा बंद ठेवा. मूळच उपटलं तर लेझर मारणार कशाला? रेझर चालतो. नंतर ऊन टाळा आणि सनस्क्रीन लावा.

सुन्न करणारं क्रीम अंगभर फासून वर प्लास्टिक गुंडाळू नका. अमेरिकेत असं करून तरुणी दगावल्या आहेत. क्रीम किती आणि कुठे लावायचं ते डॉक्टरनेच ठरवायचं.

भाजलं तर

थोडी लाली आणि सूज एक-दोन दिवस राहते. फोड आला, पांढरं किंवा काळं पडलं तर ते भाजणं आहे. लगेच वीस मिनिटं साध्या गार वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ नको. फोड फोडू नका. फोटो काढून ठेवा, पावती जपा आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जा. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केस पेपर काढून तिथे दाखवता येतं. सावंतवाडी, दोडामार्गकडच्या लोकांना बांबोळीची वाट ठाऊकच आहे.

पांढऱ्या केसांना इलेक्ट्रोलिसिस

ही लेझरपेक्षा कितीतरी जुनी पद्धत. १८७५ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत वळलेल्या पापण्यांसाठी ती वापरली. बारीक सुई केसाच्या मुळाशी घालून वीज सोडतात. एकेक केस काढायचा म्हणून वेळ फार लागतो आणि दुखतंही. पण पांढऱ्या केसांवर चालते आणि मूळ गेलं की कायमचं जातं.

हे अजिबात करू नका

गोरं होण्यासाठी मेडिकलमधून मिळणारी मिक्स क्रीम लावू नका. त्यात स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावलं की चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल होते आणि त्यानेच तोंडावर केस येतात. म्हणजे केस आले म्हणून झाकायला क्रीम आणि क्रीमने आणखी केस, असा फेरा सुरू होतो.

जुन्या काळी केस काढायला हरताळ वापरत. हरताळ म्हणजे आर्सेनिक, विषच. "आयुर्वेदिक पावडर" म्हणून पुडी कोणी देत असेल आणि वर नाव-गाव नसेल तर घेऊ नका. परदेशातही असले प्रकार झाले. १९२०च्या दशकात अमेरिकेत पार्लरमध्ये एक्स-रे मारून केस काढत. पुढे त्यातल्या कित्येक बायकांना कॅन्सर झाला.

पुरुषांनीही वाचावं

दाढीचे केस आत वळून गळ्यावर पुळ्या येतात, त्याला उलटी दाढी कारण असते. केस वाढतात त्याच दिशेने रेझर फिरवा. सलूनमध्ये नवीन ब्लेड डोळ्यांसमोर लावून घ्या. एकाच ब्लेडने कावीळ बी आणि सी, तसंच एचआयव्ही पसरू शकतो.

शेवटचं

एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दहावीला राज्यात पहिली आलेल्या मुलीचा फोटो मोबाइलवर फिरला. लोकांनी तिचे गुण सोडून ओठावरच्या केसांची थट्टा केली. हे वाचलं तेव्हा आमची पोरगी आठवली. तिनेही महिनाभर कॉलेज बुडवलं होतं.

आता तिची पाळी सुधारली आहे, डाग बरेच फिके झालेत. लेझर पुन्हा करायचं की नाही ते ती ठरवील. सध्या रेझर वापरते आणि कॉलेजात जाते. परवा म्हणाली, "काका, केसांपेक्षा लोकांच्या बघण्याचाच त्रास जास्त होतो."

केस काढायचे की ठेवायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण घरातली मुलगी तोंड लपवून बसत असेल, तर तिला पार्लरचा पत्ता देण्याआधी जवळ बसवून एवढंच विचारा : बाय, पाळी वेळेवर येते ना?