गळ

मासा पकडण्याचा अणकुचीदार आकडा. परभणी जिल्ह्यातून गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्या वाहतात. पूर्णेवर जिंतूर तालुक्यात येलदरी जलाशय आहे. या नद्यांत व जलाशयात रोहू, कटला, मरळ हे गोड्या पाण्यातील मासे गळाला लागतात. पारंपरिक साधनात बांबूच्या लवचीक काठीला दोरा, दोऱ्याला गळ व त्यावर गांडूळ किंवा कणकेचे आमिष लावतात. दोरा आखूड असल्याने काठालगतचेच मासे मिळतात. आधुनिक काठी काचतंतूची वा कार्बनतंतूची असते. दोरा गुंडाळण्याच्या तिच्या रिळामुळे गळ दूरवर फेकता येतो. मासा जोराने ओढू लागल्यास ठरावीक ताणानंतर रीळ दोरा सैल सोडते व तो तुटत नाही. 1935 मध्ये तयार झालेल्या नायलॉनमुळे दोरा मजबूत झाला. मात्र सुती दोऱ्याप्रमाणे तो कुजत नाही. त्यामुळे पाण्यात टाकलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांत पक्षी व कासवे अडकतात. म्हणून असे तुकडे गोळा करून परत नेणे आवश्यक आहे.