पांढरा स्फुरद, तांबडा स्फुरद

मूलद्रव्यांची धातू, अधातू आणि धातुसदृश अशी वर्गवारी शाळेतील मुलेही पाठ म्हणतात. परंतु द्रव्याचे गुणधर्म कळले म्हणजे त्याचा उपयोग न्यायाने होऊ लागतो, असे मात्र नाही. याची साक्ष आम्हांस साध्या काड्यापेटीत सापडते.

स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, हा अधातू होय. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने तो मूत्रापासून काढला. त्याचा पांढरा प्रकार ४४ अंशांवर वितळतो, हवेत आपोआप पेट घेतो, म्हणून पाण्याखाली ठेवावा लागतो. शिवाय तो जहाल विष आहे. एकोणिसाव्या शतकात आगकाडीच्या गुलात हाच घालीत, कारण ती काडी कोठेही घासली तरी पेटे. त्याच्या वाफेने कामगारांच्या जबड्याचे हाड मात्र सडत जाई.

१८४० नंतरच्या दशकात व्हिएन्नाच्या श्रॉटर यांनी तांबडा स्फुरद सिद्ध केला. मूलद्रव्य तेच, अणूंची मांडणी निराळी. तो २५० अंशांच्या आसपास तापल्यावाचून पेटत नाही आणि तसा विषारीही नाही. स्वीडनमध्ये तो पेटीच्या बाजूस लावून निर्धोक काडी निघाली. म्हणजे उपाय हाती आला होता. पण पांढरा स्फुरद स्वस्त पडे, आणि कारखाने तोच वापरीत राहिले.

१८८८ च्या जूनमध्ये अॅनी बेझंट यांनी लंडनच्या 'ब्रायंट अँड मे' कारखान्यातील दंड व तुटपुंजी मजुरी चव्हाट्यावर मांडली. (याच बाई पुढे १८९३ मध्ये हिंदुस्थानात आल्या.) जुलैत सुमारे १४०० स्त्रिया व मुली संपावर गेल्या आणि जिंकल्या. दंड रद्द झाले, आणि जेवणास वेगळी खोली मिळाली. ही खोली आम्हांस फार मोलाची वाटते. कामाच्या जागी बसून जेवताना घासाबरोबर विष पोटात जाई, हे त्या मुली जाणून होत्या.

तरीही पांढरा स्फुरद हटला नाही. १८९१ मध्ये साल्व्हेशन आर्मीने तांबड्या स्फुरदाचा कारखाना काढून, जास्त मजुरी देऊनही काड्या करता येतात, हे दाखविले. 'ब्रायंट अँड मे'ने तो १९०१ मध्ये सोडला. १९०६ मध्ये बर्न येथे बंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला, तर हिंदुस्थानात तो १९१३ मध्ये आला.

प्रयोगशाळेतून निघालेला उपाय करारापर्यंत पोहोचावयास साठ वर्षे लागली. तेवढ्या काळात किती जबडे सडले, ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले नसते. म्हणून नवे द्रव्य कारखान्यात आले, की त्याचे गुणधर्म आधी कामगाराने विचारावेत, असे आमचे सांगणे आहे.