कडी, दुर्बीण आणि एक क्रमांक

दुसऱ्या महायुद्धात सातारा-सांगलीच्या गावांतून मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेलेले जवान इटलीत लढले. त्या आघाडीवर राष्ट्रकुल फौजांतील स्नायपर ‘ली-एनफिल्ड नं. ४ (टी)’ ही रायफल वापरत. तिची तिप्पट मोठे दाखवणारी दुर्बीण धातूच्या दोन कड्यांत बसवलेली असे.

कडी सैल राहिली तर धक्क्याने दुर्बीण सरकते. फार आवळली तर नळी चेपते. कड्यांमधील अंतर १० सेंटिमीटर धरले, तर एका टोकाची ०.१ मिलिमीटरची सरक ४०० मीटरवर नेम ४० सेंटिमीटरने चुकवते.

म्हणून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडचे कारागीर प्रत्येक जोडी हाताने जुळवीत. दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्यावर उमटवला जाई. हुकलेली पहिली गोळी शत्रूला स्नायपरची जागा दाखवते. ती जोडी फोडणे म्हणजे जिवाशी खेळ होता.