बँक ज्या प्लॉटला कर्ज देत नाही, तो घेताना दहादा विचार करा

महामार्ग, बायपास किंवा एमआयडीसीची नुसती चर्चा झाली तरी रस्त्याकडेला प्लॉटिंगचे बोर्ड लागतात. ‘दोन वर्षांत डबल’ असं एजंट सांगतो. मग सोयाबीन-कापसाचे चार पैसे आणि उरलेलं कर्ज, असा जमाखर्च करून प्लॉट घेतला जातो. जमिनीचा भाव पडला तर माणूस थांबू शकतो. कच्चा कागद आणि महागडा पैसा मात्र थांबू देत नाही.

प्लॉटसाठी बँकेत गेलं की बँक वकिलाकडून सर्च रिपोर्ट मागते, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन बघते. यातलं काही नसेल तर कर्ज नाकारते. ‘बँकेचे लई नखरे, खासगीत बघू’ असं म्हणून बरेच जण तिथून उठतात. खरं तर तो नकार म्हणजे फुकटात मिळालेला सल्ला असतो. कर्ज आपल्या उत्पन्नामुळे नाकारलं की जमिनीच्या कागदामुळे, एवढं मात्र विचारून घ्यावं.

सगळ्यात जास्त फसगत गुंठ्याच्या प्लॉटात होते. तुकडेबंदी कायद्यानुसार राज्यात बहुतेक जिल्ह्यांत २०२३ पासून जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे. शहरालगत अलीकडे काही सवलती आल्या, पण आपला गट त्यात बसतो का हे तहसीलमध्येच विचारावं, एजंटला नाही. यातून पळवाट म्हणून पाच-सहा जण मिळून सामाईक खरेदी करतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं येतात, पण कोणाचा तुकडा कुठला हे कागदावर कुठेच नसतं. पुढे एकाला विकायचं झालं की बांधावर भांडण. नोटरी केलेली इसारपावती किंवा शंभराचा स्टॅम्प यानेही मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखतच लागतं.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. नाव बघून तो घडी घालू नका. ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा, कूळ, बहिणींचे हक्क किंवा कोर्टाचा दावा लिहिलेला असू शकतो. भोगवटादार वर्ग २ असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. जुने फेरफारही काढावेत, वारसांचा घोळ तिथंच सापडतो. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, हे शहरातल्या नातेवाइकाच्या नावाने घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मोठ्या ले-आउटमध्ये, म्हणजे जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा प्लॉट ८ पेक्षा जास्त असतील तर महारेराचा नंबर मागावा. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

आता पैशाचं. १० लाख रुपये ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण १०,१४३ रुपये बसतो. एकूण फेड होते १८ लाख २५ हजारांच्या घरात. रिकामा प्लॉट भाडं देत नाही, पीकही देत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येतो आणि शेतीचा पैसा येतो वर्षातून एक-दोनदा. म्हणून दूध, नोकरी, दुकान असं महिन्याचं उत्पन्न असेल तेवढ्यावरच हप्ता बसवावा आणि निदान एका हंगामाचे हप्ते बाजूला ठेवावेत. पीक कर्जाचे पैसे प्लॉटात घालणं तर सरळ तोट्याचं. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर शून्य टक्क्याने पडतं, मुदत हुकली की ती सवलत गेली.

प्लॉटपायी घरची काळी जमीन सावकाराला लिहून देऊ नये. काही ठिकाणी कर्जाला तारण म्हणून खरेदीखतच करून घेतात आणि ‘पैसे दिले की परत करू’ असं तोंडी सांगतात. कागदावर मात्र जमीन विकलेलीच असते. असं झालं असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

व्यवहार बँकेतूनच करावा. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि खरेदीदाराकडेही रोखीचा पुरावा राहत नाही. मुद्रांक शुल्क रेडीरेकनर किंवा खरेदीची किंमत, यातलं जे जास्त त्यावर लागतं. तो खर्च आधीच धरावा. खरेदीखत झालं की फेरफार धरला का हे तलाठ्याकडे बघावं. हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, त्यानंतरच नोंद मंजूर होते.