जू उतरल्यावर

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या बाजारात बैल घ्यायचा तर आधी जबडा उघडून दात बघतात. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला? मग खांदा, खूर, चाल. देवणी आहे की लाल कंधारी, तेही पाहतात. भाव उपरण्याखाली बोटांनी ठरतो. बैलाच्या बापाचं नाव सहसा कुणी विचारत नाही. जपानच्या ह्योगो प्रांतात वासरू विकायला येतं ते कागद घेऊनच. त्यावर बाप, आजा, पणजा आणि वासराच्या नाकाचा शाईने उमटवलेला ठसा. दोन वासरांचा ठसा सारखा नसतो. ‘वाग्यू’ नावाचं जगातलं सगळ्यात महाग गोमांस विकलं जातं ते या कागदाच्या भरवशावर.

मूळचा हा प्राणी मात्र कामाचा. इ. स. ६७५ मध्ये तेन्मू सम्राटाने शेतीच्या महिन्यांत गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी केली. पुढे अशी फर्मानं निघत राहिली, त्यात बौद्ध विचारांची भर पडली, आणि हजारभर वर्षं बैल भाताच्या चिखलात आणि डोंगरवाटांवर ओझ्याखालीच राहिला. ह्योगोतल्या ताजिमा भागात दऱ्या अरुंद, येणंजाणं कमी. तिथल्या गुरांचं रक्त त्यामुळे त्याच खोऱ्यात फिरत राहिलं. या गुरांच्या मांसात चरबी थरासारखी वर बसत नाही, स्नायूच्या आत बारीक जाळीसारखी विणली जाते. दिवसभर ओढकाम करणाऱ्या जनावराची ती शिदोरी, असं सांगतात.

१८६८ मध्ये कोबे बंदर खुलं झालं आणि मांस खाणारे परदेशी आले. १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने स्वतः गोमांस खाऊन जुना संकोच मोडला. मग सरकारने ब्राऊन स्विस, शॉर्टहॉर्न असे विलायती वळू आणून संकर केला. जनावरं थोराड झाली, पण कामाला मंद आणि मांसालाही फिकी. दहाएक वर्षांत हौस फिटली. आपल्याकडच्या संकरित गाईंचे बैल औताला जुंपून पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. त्यानंतर सुरू झाली वंशाची काटेकोर नोंद. १९३९ मध्ये ताजिमात जन्मलेला ताजिरी हा वळू आज जपानमधल्या जवळपास प्रत्येक काळ्या वाग्यू गाईचा पूर्वज आहे. युद्धानंतर खेड्यांत पॉवर टिलर आले, जू उतरलं, आणि रिकामा झालेला बैल पूर्णपणे मांसासाठी पोसला जाऊ लागला.

वाग्यूला बिअर पाजतात, मालिश करतात, ही कथा परदेशी ग्राहकाला फार आवडते. तुरळक ठिकाणी होतही असेल, पण मालिशच बघायची तर बीडमध्ये पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी यावं. खांदेमळणीला जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्यावर हळद-लोणी चोळतात. बैल मान लांब करून उभा राहतो.

जपानबाहेर वाग्यू गेलं १९७६ मध्ये, अमेरिकेत, चार वळूंच्या रूपाने. नव्वदच्या दशकात आणखी थोडी जनावरं गेली, मग जपानने दार लावून घेतलं. एवढ्याशा बीजावर अमेरिका-ऑस्ट्रेलियातलं वाग्यू उभं आहे, म्हणून तिथलं बरंचसं मांस अँगससारख्या जातींशी संकराचं असतं. ऑस्ट्रेलियात निम्म्या रक्ताला एफ१ म्हणतात, पाऊण रक्ताला एफ२. शंभर टक्के रक्ताचं ते ‘फुलब्लड’. खरं कोबे गोमांस तर २०१२ पर्यंत जपानबाहेर निर्यातच होत नव्हतं, म्हणजे त्याआधी न्यूयॉर्कात ज्यांनी ‘कोबे बर्गर’ची ऐट मिरवली त्यांनी भलतंच काही खाल्लं. तिकडे राहणाऱ्या आपल्या पोराने हौस करायची ठरवलीच, तर जपानी मांसासोबत जनावराचा दहा आकडी क्रमांक मागावा आणि कागद-पातळ काप थोडेच घ्यावेत. ए५ या सर्वोच्च दर्जाचं मांस इतकं चरबट की शंभर ग्रॅममध्ये माणूस हात आखडतो. खिशालाही ते बरं.

बीडमध्ये वाग्यू खाण्याचा प्रश्नच येत नाही. गोमांसाच्या आयातीला देशातच बंदी आहे. राज्यात १९७६ च्या कायद्याने गाय वाचवली होती. निकामी ठरलेला बैल मात्र दाखला घेऊन कापता येई. २०१५ मध्ये तीही वाट बंद झाली. इथल्या बैलाच्या कानात आता बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, लसीकरणाच्या आणि खरेदी-विक्रीच्या नोंदीसाठी. जू मात्र अजून उतरलेलं नाही. दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, टायरगाड्या जुंपून कोल्हापूर-सांगलीच्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, फडातून गव्हाणीपर्यंत ऊस ओढतात. हंगामानंतर बैल थकला की विकायचा कुणाला आणि उन्हाळाभर कडबा कुठून आणायचा, हा पेच मालकाच्या गळ्यात. म्हणून कित्येक जण आता बैलजोडीवर पैसे न घालता ट्रॅक्टरच्या टोळीत नाव लावतात.