इस्लापूर सर्कल आणि जिल्ह्याचा पैसा

राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या आठव्या कलमात नव्या मुंबई राज्यात जाणाऱ्या प्रदेशांची यादी आहे. त्यात हैदराबाद राज्यातून औरंगाबाद, परभणी, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे, बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके, काही सर्कल वगळून नांदेड जिल्हा, आणि त्यांच्यापाठोपाठ आदिलाबाद जिल्ह्यातील तीन नावे: बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका. नांदेडमधून वगळलेली सर्कल सोडली तर या यादीत बाकी सगळीकडे जिल्हे आणि तालुकेच्या तालुके आले. इस्लापूर मात्र आपल्या तालुक्यातून सुटून, एका महसुली सर्कलच्या नावाने आले. बोथ तेलुगू मुलखात राहिले आणि आज ते तेलंगणात आहे. इस्लापूर मराठवाड्यात आले आणि आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात आहे.

मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे हे गाव पैनगंगेच्या खोऱ्यात, जंगलपट्टीत वसलेले आहे. रस्ता, शाळा, दवाखाना आणि पाणी यांचा पैसा कुठे मंजूर व्हायचा याचे ठिकाण या गावासाठी गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. आधी ते आदिलाबादच्या कचेरीत होते, मग नांदेडच्या जिल्हा परिषदेत आले, पुढे जिल्हा नियोजन समितीत गेले आणि काही अंशी पुन्हा गावाच्या सभेत आले.

निजामाच्या राज्यात ग्रामीण भागातील सार्वजनिक कामांचा पैसा ‘लोकल फंड’ या नावाने ओळखला जाई. जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि तो रस्ते, विहिरी, शाळा, दवाखाने यांवर लावायचा, अशी ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. खर्चासाठी तालुका बोर्ड आणि जिल्हा बोर्ड होते. तालुका बोर्डाचा अध्यक्ष तहसीलदार असे आणि जिल्हा बोर्डाचा अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर. हिशेब फसली सनाप्रमाणे, म्हणजे महसुली वर्षाप्रमाणे, आणि हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यांत, ठेवला जाई. दप्तर उर्दूत, गावची बोली मराठी, गोंडी, कोलामी किंवा बंजारा आणि शेजारच्या बाजारात तेलुगू. आणा गावातून गोळा होई. तो कुठे लागला हे कळायला मात्र गावातल्या माणसाला आधी उर्दू वाचता येणे भाग होते, आणि तसे वाचणारे गावात बहुधा पटवारी सोडून कोणी नसे. लोकल फंडाची खरी उणीव इथे होती. पैसा थोडा होता हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट ही की तो देणाऱ्याला हिशेब विचारण्याची जागाच नव्हती.

पैनगंगेच्या पलीकडे चित्र वेगळे होते. नदी ही निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांच्यामधली सीमा होती. उमरखेडच्या बाजूला, इंग्रजी अमलातील वऱ्हाडात, जिल्हा बोर्डांवर निवडून आलेले सभासद बसत. अलीकडच्या काठावर पहिल्या महायुद्धानंतरही बोर्ड म्हणजे सरकारी अधिकारी आणि त्यांनी नेमलेली मंडळी, हेच समीकरण टिकून होते. नदीवरच्या सहस्रकुंडच्या धबधब्याचा आवाज दोन्ही काठांना सारखाच ऐकू येतो. रस्त्यासाठी अर्ज करणाऱ्या माणसाची वाट मात्र दोन काठांवर निराळी होती.

जंगलपट्टीच्या बाबतीत हैदराबाद संस्थानाने चाळीसच्या दशकात एक वेगळे पाऊल उचलले, आणि त्यामागे एक दुखरा प्रसंग होता. १९४० मध्ये आदिलाबाद जिल्ह्यात कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला आणि तो गोळीबाराने मोडण्यात आला. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागाच्या पाहणीसाठी बोलावण्यात आले. १९४३ मध्ये मारलवाई या गावी गोंड शिक्षकांसाठी केंद्र सुरू झाले आणि देवनागरी लिपीत गोंडी पुस्तके छापली गेली. पुढे आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम आले. तोपर्यंत या मुलखाला जो कारभार ठाऊक होता तो कर आणि जंगलखात्याच्या बंदीचा. सार्वजनिक सेवा लोकांच्या भाषेतून द्यावी लागते, हे या भागात सरकारने पहिल्यांदा मान्य केले ते इथे. या कामाचे मोल त्याच्या आकारापेक्षा मोठे आहे.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली, पुढच्या वर्षी जहागिरी गेल्या आणि लोकल फंडाची जुनी व्यवस्था नव्या कायद्यांत बसवण्याचे काम सुरू झाले. हैदराबाद राज्याने जिल्हा बोर्डांचा आणि ग्रामपंचायतींचा कायदा केला. दोन्ही १९५६ सालचे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ते राज्यच उरले नाही. इस्लापूरला म्हणून हैदराबादचा जिल्हा बोर्ड नीट भेटलाच नाही. कागद आदिलाबादहून नांदेडला आले, नव्या राज्याची राजधानी मुंबई झाली आणि काही वर्षे जुने हैदराबादी कायदे नव्या राज्याच्या शिक्क्याखाली चालले. किनवटसोबत आलेला राजुरा तालुका १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. किनवट आणि इस्लापूर नांदेडकडे राहिले, जिल्ह्याच्या उत्तरेच्या टोकाला, मुख्यालयापासून दूर.

मराठवाडा मुंबई राज्यात येताना पैशाचा प्रश्न आधीच बोलला गेला होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निरनिराळ्या विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी मिळेल आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिले जाईल, असे नेत्यांनी लिहून दिले होते. या कराराची आठवण मराठवाड्यात आजही काढली जाते, कारण त्याच्या आधारानेच पुढे अनुशेषाची, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाच्या हिशेबाची, भाषा उभी राहिली.

आजचा जिल्हा कारभार ज्या कायद्यावर उभा आहे त्याची मांडणी वसंतराव नाईक समितीने केली. जून १९६० मध्ये नेमलेल्या या समितीने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला. त्याआधी देशपातळीवरील बलवंतराय मेहता समितीने विकासाची मुख्य जबाबदारी गटपातळीवर टाकावी असे सुचवले होते. नाईक समितीने ती जिल्ह्यावर टाकली. तिचे म्हणणे असे की शाळा, रस्ते आणि दवाखाने चालवण्याइतका पैसा, माणसे आणि तांत्रिक ज्ञान गटाकडे नसते, ते जिल्ह्याकडे असते. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ याच विचाराने झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. हैदराबादचा जिल्हा बोर्ड कायदा त्याच वेळी रद्द झाला. जिल्ह्याच्या कारभारासाठी पैनगंगेच्या दोन्ही काठांना पहिल्यांदा एकच कायदा लागू झाला.

या रचनेत पैसा कसा ठरतो हे समजून घ्यायचे तर जिल्हा परिषदेचे दोन कप्पे वेगळे करावे लागतात. पहिला शासनाचा. शिक्षकांचे पगार, प्राथमिक आरोग्य केंद्रे, पशुवैद्यकीय दवाखाने, अंगणवाड्या, ग्रामीण रस्ते, पाझर तलाव या सगळ्यांसाठी राज्याकडून अनुदान येते आणि कोणत्या हेडखाली किती खर्च करायचा हे बहुतांशी आधीच ठरलेले असते. जिल्हा परिषदेच्या हातून जाणारा बराचसा पैसा असा असतो. तिला त्याची कामे निवडता येतात, पैशाचा हेतू बदलता येत नाही.

दुसरा कप्पा स्वउत्पन्नाचा, ज्याला जिल्हा परिषदेत सगळे ‘सेस’ म्हणतात. निजामाच्या एक आण्याचा हा वारस आहे. जमीनमहसुलाच्या रुपयामागे वीस पैसे उपकर, त्यावर वाढीव उपकर, पाणीपट्टीवरील उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा, वनमहसुलातील वाटा, इमारतींचे भाडे आणि ठेवींवरील व्याज अशी त्याची भरणी होते. हा पैसा खऱ्या अर्थाने जिल्हा परिषदेचा असतो. त्यातूनही २० टक्के मागासवर्गीयांच्या योजनांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात. उरलेल्यावर सभासदांची नजर असते. अर्थ समितीत मुख्य लेखा व वित्त अधिकारी जमेची बाजू मांडतात, प्रत्येक खातेप्रमुख आपली मागणी मांडतो, आणि मार्च संपण्याआधी अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेत मंजूर होते.

इथे किनवटसारख्या तालुक्याचे नुकसान पैशाच्या मुळातच आहे. सेस जमीनमहसुलावर बसतो, आणि जमीनमहसुलाचे दर जुन्या आकारणीचे, वर्षानुवर्षे जवळपास तिथेच थांबलेले. जिथे जंगल जास्त आणि लागवडीची जमीन कमी तिथे तो आणखी कमी. मुद्रांक शुल्क जमिनींच्या खरेदी-विक्रीतून येते, म्हणजे शहराभोवती जास्त. जंगल राखणाऱ्या गावांच्या वाट्याला कराचा पाया सर्वांत अरुंद येतो आणि सेवांची गरज मात्र तिथेच सर्वांत मोठी असते. पाड्यापर्यंत जाणारा रस्ता, नाल्यावरचा पूल आणि पावसाळ्यात चालणारा दवाखाना यांचा दरडोई खर्च सपाट मुलखापेक्षा जास्तच पडतो. समानतेने वाटलेला पैसा अशा ठिकाणी अपुरा पडणार, हे ठरलेलेच.

त्यावरचे उपाय जिल्हा परिषदेच्या बाहेरून आले. सत्तरच्या दशकात आदिवासी उपयोजना सुरू झाली आणि किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आले. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर, १९९३-९४ पासून, आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात राज्य योजनेचा नऊ टक्के वाटा या उपयोजनेसाठी वेगळा काढण्यात येऊ लागला. त्याआधी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने विभागांमधील अनुशेष मोजला होता आणि १९९४ मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले. अनुशेष मोजण्यामुळे दुसरे काही झाले नाही तरी एक झाले. मराठवाड्याच्या मागण्यांना तक्रारीऐवजी आकड्यांचा आधार मिळाला.

जिल्ह्यात मात्र निर्णयाचे केंद्र हळूहळू जिल्हा परिषदेकडून नियोजनाच्या टेबलाकडे सरकले. आधी जिल्हा नियोजन व विकास मंडळे होती, लोक त्यांना ‘डीपीडीसी’ म्हणत आणि आजही म्हणतात. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९८ च्या राज्य कायद्याने जिल्हा नियोजन समिती आली. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. वार्षिक योजनेचे तीन भाग असतात: सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना. काम सुचवले जाते, इस्टिमेट होते, तांत्रिक मान्यता मिळते, प्रशासकीय मान्यता मिळते आणि मग निधी पडतो. फेब्रुवारी उजाडला की अखर्चित निधीची यादी निघते आणि एका हेडचा पैसा दुसऱ्याकडे वळवण्यासाठी पुनर्विनियोजनाची बैठक होते. मार्चएंडच्या त्या पंधरवड्यात ज्या गावाची कागदपत्रे तयार असतात त्याचे काम होते. दूरच्या गावाची फाईल तेव्हा अनेकदा कुठल्या तरी सहीसाठी थांबलेली असते.

बाग, उद्यान, पर्यटनस्थळ यांचाही निर्णय या वाटेने जातो. पर्यटन आणि तीर्थक्षेत्रांच्या ‘क’ वर्गाला मान्यता देण्याचा अधिकार जिल्हा नियोजन समितीला आहे. सहस्रकुंडसारख्या ठिकाणी त्यामुळे एक जुनी अडचण नव्या रूपात उभी राहते. धबधबा एक आहे, काठ दोन जिल्ह्यांचे. इस्लापूरच्या बाजूला कठडा, पायऱ्या, वाहनतळ करायचा तर नांदेडची समिती. समोरच्या मुरली गावाच्या काठावर तेच करायचे तर यवतमाळची. निजाम आणि वऱ्हाड यांच्यामधली सीमा राज्याच्या नकाशावरून गेली, पण अंदाजपत्रकात ती टिकून आहे. पाण्याचा लोंढा वाढतो तेव्हा धोका दोन्ही काठांना एकदम असतो. अशा जागेची योजना दोन्ही जिल्ह्यांनी एकत्र बसून करायला हवी, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

पैसा पुन्हा गावाकडे वळू लागला तो या शतकात. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावाचे आराखडे होऊ लागले. पंधराव्या आयोगाच्या निधीत महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. किनवट तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि तिथे १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा, कायदा लागू आहे. एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी अशा गावांना अबंध, म्हणजे हेडचे बंधन न घालता, देण्यात आला. पायाभूत सोयी, वनहक्क, आरोग्य व शिक्षण आणि जल-जंगल-वन्यजीव संवर्धन यांपैकी कशावर किती खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे.

हे ठरवणे प्रत्यक्षात होते ते शाळेच्या वऱ्हांड्यात किंवा समाजमंदिरात. ग्रामसेवक प्रोसिडिंग बुक उघडतो, मागचे इतिवृत्त वाचले जाते, मग नमुना १ मधील अंदाजपत्रकाची जमा आणि खर्च. कोणी हातपंपाचे नाव घेते, कोणी स्मशानशेडचे, कोणी अंगणवाडीच्या गळक्या छताचे. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, आणि खाली सह्या व अंगठे. आदिलाबादच्या कचेरीतले उर्दू दप्तर आणि हे मराठी पुस्तक यांच्यामध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे, आणि या अंगठ्यांचे वजन त्या अंतरातूनच कळते.

वरच्या पायरीवर मात्र मोठी पोकळी पडली. नांदेड जिल्हा परिषदेच्या सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, वेळेवर निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यापुढची अंदाजपत्रके अधिकाऱ्यांनीच मांडली आणि अधिकाऱ्यांनीच मंजूर केली. जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून आलेले असावेत, असे राज्यघटना सांगते. जिल्हा परिषदच रिकामी असेल तर त्या खुर्च्याही रिकाम्या राहतात. अव्वल तालुकदाराच्या काळातील बोर्डाशी या अवस्थेचे साम्य आहे, आणि ते चांगले नाही.

अशा काळात गावाच्या हातात उरते ती ग्रामसभा. तिच्या गणपूर्तीला सर्वसाधारण गावात एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते.