जिवाणुसमूहाचे एजंट-आधारित सदृशीकरण

वसाहतीतील प्रत्येक जिवाणूला स्वतंत्र घटक धरून समूहाची वाढ संगणकावर घडवून पाहण्याची पद्धत. एजंट म्हटले की मराठी कानाला विमेवाला आठवतो. इथला एजंट म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली एका पेशीची नोंद: तिची जागा, वस्तुमान आणि वागण्याचे मोजके नियम.

झाक मोनो यांचे १९४० च्या दशकातील वाढीचे समीकरण वापरून समूहाचा एकत्रित हिशेब मांडताना सर्व पेशी सारख्या आणि अन्न सगळीकडे समान मिसळलेले धरतात. सतत हलवत ठेवलेल्या चंबूत ते चालून जाते. बायोफिल्ममध्ये, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या जिवाणूंच्या थरात (उदाहरणार्थ दातांवरच्या किटणात), मात्र वरच्या पेशींचे पोट भरते आणि तळच्या उपाशी राहतात. अशा ठिकाणी सरासरी फसवी ठरते.

यान-उल्रिख क्रेफ्ट, जिंजर बूथ आणि ज्युलियन विम्पेनी यांनी १९९८ मध्ये मांडलेली बॅकसिम ही आज्ञावली या क्षेत्रातला महत्त्वाचा टप्पा. तिच्यात वाढीचा हिशेब समूहाला नव्हे, एकेका पेशीला लावला आहे. ई. कोलाय या जिवाणूची आभासी पेशी आपल्या जागी असेल तेवढ्याच अन्नातून घास घेते, त्यातला काही जगण्यापुरता खर्चते, उरलेल्यावर वाढते. ठरलेले आकारमान ओलांडले की तिच्या दोन पेशी होतात. त्या शेजाऱ्यांवर चढू लागल्या की एकमेकींना ढकलून जागा करतात. विभाजनात थोडा यदृच्छेचा अंश मुद्दाम घालावा लागतो. तो नसेल तर सारी वसाहत कवायत केल्यासारखी एकाच क्षणी दुभंगत राहील. पेशी गोल धरल्या आहेत, ई. कोलाय प्रत्यक्षात दंडाकार असतो, ही सवलत लक्षात ठेवलेली बरी.

पद्धतीची खरी चुणूक क्रेफ्ट यांच्या २००४ च्या अभ्यासात दिसते. त्यात भराभर वाढणारे पण अन्न उधळणारे जिवाणू आणि सावकाश पण काटकसरीने वाढणारे जिवाणू समोरासमोर ठेवले होते. ढवळलेल्या द्रवात उधळे जिंकतात. बायोफिल्ममध्ये मात्र काटकसरी आपल्याच भाऊबंदांच्या पुंजक्यात राहतात, वाचवलेले अन्न घरातच उरते आणि ते तग धरू शकतात.

अडचण संख्येची आहे. रात्रभर वाढलेल्या एका मिलिलीटर द्रवात सुमारे शंभर कोटी पेशी असतात. एवढ्या नोंदी सांभाळणे जड जाते, म्हणून कधी एकच एजंट अनेक पेशींचा प्रतिनिधी मानतात. तेव्हा पेशीगणिक वेगळेपण पुन्हा थोडे सरासरीतच जाते.